आनंदरावांचा चार्ट

अनिता जे लिहायची ते कुणी वाचायचं नाही, हे अख्ख्या वडगाव रासाईला ठाऊक होतं. आता लिहिणारे पुष्कळ असतात आणि न वाचणारे त्याहून पुष्कळ, त्यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण अनिताचं लिहिणं म्हणजे कथा-कविता नव्हे. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती नोकरीला होती आणि कंपनीने बनवलेली वस्तू कशी वापरायची, याची माहिती लिहिणं हे तिचं काम. मिक्सरच्या खोक्यात एक पुस्तिका येते बघा, जी आपण न उघडताच कपाटावर टाकतो? तसलंच, फक्त कॉम्प्युटरवरचं. लग्न होऊन भीमेकाठी आली तेव्हा ती नोकरी सोबत घेऊनच आली. माडीवरच्या खोलीत खिडकीशी टेबल टाकून दिवसभर टाइप करत बसायची.

"सूनबाई काय करती वो?" कुणी विचारलं की तिचे सासरे पोपटराव मिशीत हसायचे. "लिव्हती. वाचत कोण न्हाई, तरी लिव्हती. लई चिकाटीची पोरगी हाय." अनिता त्यांना आप्पा म्हणायची. त्यांच्या चिडवण्याचा तिला कधी राग आला नाही, कारण पाहुण्यारावळ्यांत तिचं कौतुक करायलाही तेच पुढे असायचे.

बरं, कंपनीची वस्तू तरी कसली? नदीवरच्या मोटारीच्या पेटीत एक डबी बसवायची. वीज कधी आली, मोटार किती वेळ चालली, पाणी किती उपसलं, सगळं ती डबी कळवते आणि मोबाइलवर त्याचा चार्ट उमटतो. अनितानेच आप्पांच्या मागे लागून ती गावच्या पाणी संस्थेत आणली. संस्थेचा कारभार बघणारा विक्रम पडला हौशी गडी. त्याने संस्थेच्या हापिसात भिंतीवर भला मोठा टीव्ही लावला आणि काठावरच्या झाडून साऱ्या मोटारींचे चार्ट त्यावर दाखवायला लागला. म्हातारी मंडळी बातम्या सोडून चार्ट बघायला जमू लागली. तिथे सुनांनी जाऊन बसायची रीत नाही, म्हणून अनिता आपली घरीच मोबाइलवर बघायची. तिच्या मोबाइलवर तिने नाव टाकलं होतं, 'आपली मोटार'.

पण त्या चार्टची खरी करामत दिसली ती आप्पांच्या घरी. आप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ मल्हारी, म्हणजे अनिताचे तात्या, यांचा बाप एक, मोटार एक, पाईपलाईन एक आणि शेतं दोन. पाणी पाळीने घ्यायचं. एका उन्हाळ्यात तात्या म्हणाले, थोरल्याने माझ्या पाळीत पाईपलाईनीचा वॉल आपल्या शेताकडे फिरवला. आप्पा म्हणाले, धाकट्याने माझ्या पाळीत मोटार बंद केली. झालं! तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मयतीत समोरासमोर आले तरी एक पूर्वेला बघणार, दुसरा पश्चिमेला. वर्षांमागून वर्षं गेली, पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. अनिताने तर या दोघांना एकमेकांशी बोलताना पाहिलंच नव्हतं.

डबी बसली आणि कुणाच्या पाळीत काय झालं ते दोघांनाही लख्ख दिसायला लागलं. कुणीच चोरी करत नव्हतं हो! वीजच मध्ये मध्ये जायची, एवढी साधी गोष्ट. पण हे कबूल कोण करणार? दोघांचा ताठा सारखाच. मग एका संध्याकाळी तात्या अंगणात येऊन उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "चार्ट बघायचाय." त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर दिसत नव्हता का? चांगला दिसत होता. पण अनिताच्या सासूबाई, साखरबाई, शहाण्या. त्यांनी एक शब्द न बोलता चहाचं आधण वाढवलं.

तेव्हापासून तात्या रोज संध्याकाळी चार्ट बघायला यायचे. दोघे भाऊ एका खाटेवर बसायचे, मध्ये मोबाइल. "कालची पाळी बराबर झालीया," आप्पा चार्टला सांगायचे. "व्हय, बराबर हाय," तात्याही चार्टलाच सांगायचे. एकमेकांचं नाव घ्यायचे नाहीत, तोंडाकडे बघायचे नाहीत, चारचौघांत तर अजूनही अनोळखीच. पण सारं चार्टच्या आडून का होईना, बोलत तर होते! साखरबाई अनिताला चुलीपाशी म्हणायच्या, "पोरी, ह्या चार्टाला दृष्ट लागाया नगं. त्यो हाय म्हणून दोन भावांचं तोंड एका दिशेला झालंय." मागच्या साऱ्या उन्हाळ्यांच्या पाळ्या त्या चार्टमध्ये होत्या. तो गेला असता, तर पुन्हा कुणाच्या किती पाळ्या राहिल्या यावरून ठिणगी पडली असती, आणि या खेपेला ती विझवायला काहीच हाताशी नसतं.

अशात कंपनीने ठरवलं, की चार्ट पुसायचं कामही आता एआय एजंटकडे द्यायचं. एजंट म्हटल्यावर आप्पांचे कान टवकारले. "जमिनीचा का?" अनिता हसत सुटली. "अहो आप्पा, ती आपली बाई." मग त्यांना कळलं. कारण हा बोलणारा एजंट गावात आधीच आला होता. आवाज बाईचा, म्हणून सारा गाव त्याला बाईच म्हणायचा आणि वर अहोजाहो करायचा. "बाई, जरा आमच्या मोटारीचं बघा वो," असं म्हातारे टीव्हीसमोर हात जोडून सांगायचे. आतापर्यंत बाई नुसती माहिती द्यायची. आता तिच्या हातात पुसायचं हत्यार येणार होतं.

हत्यार बनवलं कंपनीतल्या इंद्रजीतने आणि सोबतचा मजकूर लिहायचा अनिताने. इथे गंमत अशी, की हा मजकूर माणसांसाठी नव्हताच. तो एजंट वाचणार. हत्यार कशाचं, कधी उचलायचं, कधी नाही, हे त्याला तेवढ्यावरूनच समजणार. इतकी वर्षं लिहिल्यावर अनिताला एकदाचा वाचक भेटला, आणि तोही शब्द न् शब्द वाचून तसाच्या तसा वागणारा! तिला आनंद झाला आणि धडकीही भरली.

"दोन ओळींचं काम आहे मॅडम," इंद्रजीत फोनवर म्हणाला. "चार्टचा नंबर दिला की चार्ट जातो. संपलं. पाल्हाळ नको."

"गेलेला परत येतो का?"

"नाही. कायमचा जातो."

"मग दोन ओळींत कसं भागेल?"

तिने बसून नीट लिहिलं. हे टूल, म्हणजे हत्यार, नको असलेले चार्ट काढण्यासाठी आहे. उदाहरण द्यायला हवं म्हणून पुढे लिहिलं, जसे की बंद पडलेली खाती, मयत व्यक्तींची खाती. आणि शेवटी लिहिलं, की पुसलेला चार्ट परत आणता येत नाही, म्हणून आधी प्रत्येक चार्टचं नाव वाचून दाखव, तो ज्यांच्या वापरात आहे त्यांना विचार, आणि त्यांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय हात लावू नकोस.

शेवटचं वाचून इंद्रजीत वैतागला. "ही ओळ मी काढतोय. दर चार्टला विचारत बसली तर एजंट कशाला हवा? माणूस काय वाईट होता?"

"अहो, पण चुकून भलताच चार्ट गेला तर?"

"नाही जात हो. तुमचं आपलं काहीतरीच." पंधरा मिनिटं वाद घातला तिने, पण ऐकेल तो इंद्रजीत कसला! शेवटी "करा तुमच्या मनाला येईल ते," म्हणून अनिताने लॅपटॉप असा मिटला की खाली साखरबाई दचकल्या.

हत्यार चालू झालं तो दिवस नवरात्राच्या आदल्या आठवड्यातला. घट बसायच्या आत घर धुऊन काढायचं म्हणून साखरबाई गोधड्यांचं बोचकं घेऊन सकाळीच नदीवर गेल्या होत्या. मोटारीच्या स्टार्टरची कॉइल जळली होती, ती यवतच्या दुकानात नवी तार गुंडाळून भरायला टाकली होती. ती आणायला अनिता स्कूटी काढून निघाली. वेशीपाशी विक्रम भेटला. "वहिनी, आज तुमचं नवं हत्यार आलंय म्हणं! बरं झालं. टीव्हीवर लई जुनाट नावं साठल्यात. घट बसायच्या आत बाईला सांगून समदं साफ करून घेतो."

"घ्या की," म्हणाली अनिता आणि पुलाकडे निघाली. तिला बिचारीला काय माहीत!

यवतला मोटारी भरायचं दुकान नीलमताईंचं. नवऱ्यामागे बाईने दुकान असं सांभाळलं, की मोटारीचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगतील. अनिताने कॉइल मागितली. "पोपटरावांची आहे, वडगाव रासाईची."

नीलमताईंनी फळीवरच्या कॉइली उलटसुलट केल्या. "पोपटराव? ह्या नावाची न्हाई बाई आपल्याकडं. कुठली मोटार? थांबा, ती दोन भावांची का? मग आनंदरावांची म्हणा की! ही घ्या."

"आनंदराव म्हणजे माझे आजेसासरे. ते तर माझ्या लग्नाआधीच गेले."

"गेले तर गेले. मोटार कुठं गेली? कनेक्शन त्यांच्याच नावावर, बिल त्यांच्याच नावावर. अहो, तुमच्या काठाला जित्या माणसाच्या नावावरची एक मोटार दाखवा मला! नाव बदलायला हेलपाटे कोण घालतंय? आन् खरं सांगू का, बापाचं नाव काढायला पोराचा हात बी धजत न्हाई."

अनिता हसली आणि हसता हसता थांबली. मयत व्यक्तींची खाती! तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. छान, नेटकं उदाहरण म्हणून. काठावरची एकूण एक चालू मोटार मेलेल्या माणसाच्या नावावर, संस्थेच्या नोंदीत त्या नावांआधी 'कैलासवासी' असणारच, बाईला तर लिहून दिलेलं की मयतांचे चार्ट पुसायचेच असतात, आणि विक्रम तिला सांगणार, समदं जुनाट साफ करा. विचारायची ओळ तर इंद्रजीतने काढलेली.

तिने विक्रमला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. इंद्रजीतला लावला, तर मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. 'ती ओळ काढलीत का?' एवढं तिने त्याला लिहून पाठवलं. उत्तर नाही. आप्पांचा फोन नेहमीसारखा घरी खुंटीवर. सासूबाईंनी तेवढा आपला फोन उचलला, पाठीमागे धुणं आपटल्याचा आवाज. "आगं, समदी मंडळी हापिसात गेल्यात. बाई नवं काम करती म्हणं, ते बघाया. तात्या बी गेल्यात. का गं? मी आशी भिजलेली, नदीवर. काय झालं?"

"काही नाही आई, येते मी," म्हणून अनिताने फोन ठेवला. काय सांगणार होती? तुमच्या दोन भावांचा तो चार्ट माझ्या एका वाक्यापायी चाललाय, असं?

स्कूटी तिने अशी हाणली की कॉइल डिकीत नाचत होती. खड्डा दिसेना, माणूस दिसेना. पुलावर काम काढलं होतं, एकच बाजू चालू. तिथे थांबावं लागलं तेव्हा तिला रडूच फुटलं. खाली भीमा संथ वाहत होती आणि काठाने मोटारींच्या खोल्या ओळीने उभ्या होत्या. आज संध्याकाळी तात्या येतील, खाटेवर बसतील, आप्पा मोबाइल उघडतील आणि तिथे काहीच नसेल. मग दोघं कशाशी बोलतील? आप्पांना वाटेल धाकट्याने काहीतरी केलं. तात्यांना वाटेल थोरल्याने पुसलं. देवा रे!

हापिसासमोर चपलांचा ढीग होता आणि आतून बोलण्याचा आवाज नाही. एरवी तिथे इतका गलका असतो की बाहेरच्या बाभळीवर पाखरू टिकत नाही. संपलं सगळं, असं म्हणत अनिता दारात जाऊन उभी राहिली. सुना हापिसात जात नाहीत, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

"पुढचा चार्ट," टीव्हीतून बाईचा शांत आवाज आला. "कैलासवासी ज्ञानदेव बाबूराव. ही मोटार काल चालली आहे, म्हणजे चार्ट वापरात आहे. पुसला तर परत आणता येणार नाही. ज्यांच्या वापरात आहे त्यांनी सांगावं. पुसू की ठेवू?"

पुढे बसलेले म्हातारे बन्सीआबा गुडघ्यावर हात देत उठून उभे राहिले. शाळेत हजेरी द्यावी तसे. टोपी हातात. "त्यो माझा बा. ठेवा बाई."

"ठेवला."

अनिताचा जीव भांड्यात पडला. ती होती तिथे, उंबऱ्यावर, मटकन बसली. विक्रम वाकून तिच्या कानात कुजबुजला, "वहिनी, मी म्हणलं साफ करा, तर ही पुसंच ना! म्हणली, मयतांची नावं दिसत्यात, पर मोटारी चालू हायत, ज्याला त्याला इच्यारती. तवाधरनं एकेकाचं नाव घेतीया. आन् हे बघा की, कोण जागचं हलंना."

खरंच कुणी हलत नव्हतं. ज्यांची नावं वर्षानुवर्षं फक्त श्राद्धाला घेतली जायची, ती बाई मोठ्याने घेत होती आणि ज्याचा बाप, ज्याचा आजा, तो उठून सांगत होता, ठेवा. एकदाच मागे बसलेला भारत म्हणाला, "ती चुलत्याची मोटार पुरात गेली, पोरं बी गाव सोडून गेली. पुसा ती." बाईने पुन्हा विचारलं, नक्की? नक्की म्हणाला, तेव्हा तो एक चार्ट टीव्हीवरून गेला आणि क्षणभर सगळेच त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

अनिताचा फोन थरथरला. इंद्रजीत. 'अरे देवा! ती ओळ काढायची राहूनच गेली, सॉरी. आत्ता काढतो.' तिने ओल्या डोळ्यांनी भराभर लिहिलं, 'हात लावाल तर याद राखा! काढायचीच असेल तर मयतांचं उदाहरण आहे ना, ते काढा. ते माझं चुकलंय.' आणि फोन उपडा ठेवला.

"पुढचा चार्ट," बाई म्हणाली. "कैलासवासी आनंदराव. हा चार्ट दोघांच्या वापरात आहे. पोपटराव आणि मल्हारी. पुसू की ठेवू?"

हापिसातल्या साऱ्या माना वळल्या. काही आप्पांकडे, काही तात्यांकडे, कारण दोघे बसले होते दोन टोकांच्या भिंतींना टेकून. घरची खाट निराळी आणि चारचौघांतलं निराळं. इथे अख्ख्या गावादेखत आधी तोंड कुणी उघडायचं?

आप्पांनी घसा खाकरला. "मल्हारीला इच्यारा," म्हणाले.

किती वर्षांनी त्या तोंडातून ते नाव बाहेर पडलं! बन्सीआबांनी बाजूच्याच्या मांडीवर हात मारला.

"मल्हारी, आपण सांगा," बाई म्हणाली.

तात्या धोतराचा सोगा उगीच सारखा करत राहिले. मग टीव्हीकडे बघत म्हणाले, "म्या धाकटा. दादा असताना म्या कसं सांगू? दादाला इच्यारा."

"कृपया कुणीतरी एकाने सांगावं."

"सांगा की लेकांनो! बाई किती येळ ताटकळंल?" बन्सीआबा ओरडले आणि सारं हापिस खो खो हसलं. हसले नाहीत ते दोघंच.

आप्पा उठले. सतरंजी तुडवत, लोकांच्या पायांवरून वाट काढत या भिंतीपासून त्या भिंतीपाशी गेले आणि तात्यांसमोर उभे राहिले. टीव्हीकडे त्यांची पाठ होती. "मल्हारी," ते म्हणाले, "काय सांगू तिला?"

तात्यांनी वर, थेट त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "ठेव म्हणून सांग, दादा. आन् बस हितं. किती दिस हुबा ऱ्हाणार हायस?"

"ठेवा वो, बाई," आप्पांनी मागे न बघताच सांगितलं आणि तात्यांनी सरकून करून दिलेल्या जागेत टेकले.

बाईने पुढचं नाव घेतलं, कुणीतरी उठून उभं राहिलं, पण त्या भिंतीपाशी दोघांचं आता त्याकडे लक्ष नव्हतं. आप्पा काहीतरी विचारत होते, तात्या काहीतरी सांगत होते. अनिताला ऐकू आलं नाही आणि तिला ऐकायचंही नव्हतं. ती उंबऱ्यावर बसून मनसोक्त रडली.